गाव तंत्रज्ञानाच्या बाहेर नसतं

तंत्रज्ञानावरचं एक साप्ताहिक न्यूजलेटर वीसहून अधिक वर्षं चालवणाऱ्या संपादकांनी काम थांबवलं आणि कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आपल्या मूळ गावी कायमचं राहायला जायचं ठरवलं. तेव्हापासून बेळगाव, पुणे आणि बेंगळुरूतल्या मराठी मंडळींत यावर जोरात बोललं जातंय. एक गट म्हणतो, शेवटी मातीनेच हाक दिली, शहाणा माणूस वेळेत घरी परतला. दुसरा गट म्हणतो, ही पळवाट आहे. सगळं जग यंत्रांच्या नव्या लाटेत गटांगळ्या खात असताना ज्याला पोहता येतं त्यानेच काठावर जाऊन बसायचं का? मला दोन्ही बाजू ऐकून वाईट वाटतं, कारण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो फार उथळपणे हाताळला जातोय. त्या संपादकांचं नाव मी घेत नाही. माणूस कोण यापेक्षा आपण त्याच्या निर्णयाकडे कसं पाहतो, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

माझं मत आधीच सांगते. खुर्ची सोडण्याचा निर्णय बरोबर आहे. गावी जाण्याचा निर्णयही बरोबर ठरू शकतो, पण त्याला अटी आहेत. आणि कौतुक करणारे असोत की टीका करणारे, दोघांच्याही बोलण्याखाली एकच चुकीची समजूत आहे: तंत्रज्ञान शहरात असतं आणि गाव त्याच्या बाहेर असतं. म्हणून एकाला गावी जाणं म्हणजे सुटका वाटते आणि दुसऱ्याला पळ. गाव बाहेर आहे हेच मुळात खरं नसेल, तर दोघांचंही म्हणणं कोसळतं.

टीकाकारांच्या मुद्द्यांपासून सुरुवात करायला हवी, कारण ते हलके नाहीत. पहिला मुद्दा अनुभवाचा. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर मजकूर लिहिणं इतकं स्वस्त झालं, की कोणता मजकूर माणसाने तपासून लिहिलाय हे ओळखणं वाचकाला जड जाऊ लागलं. अशा काळात कंपनीचं प्रसिद्धिपत्रक आणि बातमी यांतला फरक ज्याला वीस वर्षांच्या सवयीने कळतो, तो संपादक मोलाचा. एखाद्या घोषणेकडे बघून ‘हेच 2010 मध्येही सांगितलं होतं, तेव्हाही झालं नाही’ असं म्हणू शकणारी स्मृती बाजारात विकत मिळत नाही. ती घेऊन माणूस निघून गेला तर वाचकांचं नुकसान होतं, यात शंका नाही. मी हे नुकसान नाकारत नाही.

पण मग विचारायला हवं, की एका माणसाच्या जाण्याने जे पत्र कोसळेल ते आज तरी कितपत उभं होतं? मराठी पत्रकारितेचा आपलाच इतिहास बघा. ‘केसरी’ 1881 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. 1887 मध्ये ते बाहेर पडले. कारण वेगळं होतं, टिळकांशी मतभेद होते, आणि ते गावी गेले नाहीत. तरी त्या जाण्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ‘केसरी’ टिळकांच्या हाती आणखी धारदार झाला, आणि 1888 मध्ये आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला. आगरकर मन मारून त्याच खुर्चीत बसून राहिले असते तर मराठी वाचकाला दोन आवाज मिळाले असते का? संपादक जातो तेव्हा त्याने मागे काय ठेवलं हे तपासावं: बातम्या पारखण्याची पद्धत, जुन्या अंकांचा नीट लावलेला संग्रह, आणि त्याच्या मतांना खोडायची मोकळीक असलेला उत्तराधिकारी. हे असेल तर त्याची स्मृती त्याच्याबरोबर जात नाही. नसेल तर दोष जाण्याचा नाही, आधीच्या वीस वर्षांचा आहे.

दुसरा मुद्दा अधिक चतुर आहे, आणि तरुण मंडळी तोच जास्त मांडतात. ते म्हणतात, गावी जा, पण काम कशाला सोडता? इंटरनेट आहे ना? झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू यांचं उदाहरण लगेच पुढे येतं. झोहोसारखी कंपनी तमिळनाडूत तेनकासीजवळच्या खेड्यात राहून चालवता येते, तर आठवड्याचं एक पत्र खानापुरातून का चालवता येऊ नये? उदाहरण खरं आहे. मात्र हेही लक्षात घ्यायला हवं, की त्याच वेंबूंनी जानेवारी 2025 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पद सोडलं आणि संशोधनाकडे लक्ष वळवलं. शिवाय कंपनीत हजारो माणसं असतात, कामाची वाटणी असते. संपादकाच्या कामाचं तसं नाही. त्याचं मोल कुठून येतं? इंटरनेटवरून जे त्याच्यापर्यंत पोचतं ते तर सगळ्यांपर्यंतच पोचतं. मोल येतं ते रात्री अकराला आलेल्या फोनमधून, परिषदेच्या बाहेर चहा पिताना एखाद्या अभियंत्याने दबक्या आवाजात सांगितलेल्या गोष्टीतून, समोरच्याच्या चेहऱ्यावरून ‘हा काहीतरी लपवतोय’ हे ओळखण्यातून. जो माणूस ही वर्तुळं सोडून गेला आणि तरी दर आठवड्याला त्याच अधिकाराने लिहीत राहिला, तो वाचकांना हळूहळू शिळा माल देऊ लागेल. पहिली दोन-तीन वर्षं कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणूनच वेळेत थांबणं हा मला प्रामाणिकपणा वाटतो.

याबाबतीत एक जुना प्रयोग फार बोलका आहे. 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या गांधींनी त्याच्या वीस वर्षं आधी, 1904 मध्ये, दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक डर्बन शहरातून उचलून 14 मैलांवरच्या फिनिक्सच्या शेतावर नेलं. छापखाना शेतावर, कामगारांना जमिनीचे तुकडे, सगळ्यांनी शेतही करायचं आणि अंकही काढायचा. पहिल्याच अंकाच्या रात्री इंजिन बंद पडलं आणि माणसांनी हाताने चाक फिरवून अंक छापला. जिद्दीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि ती आहेच. पण त्या वेळचे संपादक मनसुखलाल नाझर मात्र फिनिक्सला राहायला गेले नाहीत. ते डर्बनमध्येच थांबले आणि तिथून काम करत राहिले, कारण ज्या माणसांविषयी ते साप्ताहिक होतं ती शहरात होती. छपाई शेतावर हलवता आली, बातमीदारी हलवता आली नाही.

यावर कोणी म्हणेल, मग किर्लोस्करवाडीचं काय? आमच्या भागाला हे उदाहरण विसरताच येणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात 1888 मध्ये त्यांनी सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला, आणि जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि सापांचा तो माळ. तिथूनच 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. कारखान्याची, नांगरांची, यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला निघालेलं हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी घराघरांत गेलं. आजच्या भाषेत त्याला तंत्रज्ञानाचं न्यूजलेटरच म्हणता येईल, आणि ते माळरानावरून निघत होतं. पण शंकरराव तिथे यंत्रांपासून दूर राहायला गेले नव्हते. त्यांचा विषयच तिथे होता: भट्टी, ओतशाळा, नांगर घ्यायला आलेला शेतकरी. नाझर शहरात राहिले आणि शंकरराव माळावर राहिले, पण दोघांनी पाळलेला नियम एकच. संपादकाने आपल्या विषयाच्या शेजारी राहावं. जगभरातल्या चिप आणि प्रणालींचा विषय खानापुरात नाही, म्हणून तिथे जाणाऱ्याने ती खुर्ची सोडलीच पाहिजे.

मग खानापुरात काय आहे? इथेच कौतुक करणाऱ्या मंडळींशी माझं भांडण सुरू होतं. त्यांना वाटतं तिथे शांतता आहे, भाताची खाचरं आहेत, मलप्रभेचा उगम आहे, आणि मोबाईलपासून मुक्ती आहे. खाचरं आहेत, मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते, पण मुक्ती कुठली? गावातल्या म्हाताऱ्या बाईला रेशनसाठी यंत्रावर अंगठा लावावा लागतो. आयुष्यभर भाताची लावणी आणि भांगलण केलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, अंगठा लागत नाही, आणि मग ‘उद्या या, सर्व्हर डाऊन आहे’ हे ऐकून ती परत फिरते. शेतकऱ्याच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर आहे, कारण थ्री-फेज वीज ठरावीक तासच येते आणि कधी मध्यरात्री येते. अंधारात विंचू-सापातून विहिरीवर जाण्यापेक्षा फोनवरून मोटार सुरू करणं हा जिवाचा प्रश्न आहे. चिकोडी, निपाणी, अथणीकडे गेलात तर ऊस इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो आणि तरीही काटामारी, म्हणजे वजनात मारणं, हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो. काटा डिजिटल झाला म्हणून विश्वास बसला असं झालं नाही, कारण तो कोण तपासतं आणि कधी तपासतं हे ऊसवाल्याला दिसत नाही. केंद्राचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव, 10.25 टक्के साखर उताऱ्याच्या (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाच्या) पायावर ठरतो, आणि तो उतारा मोजला जातो कारखान्याच्या प्रयोगशाळेत. म्हणजे टनाला किती रुपये मिळणार हे ज्या मोजमापावर अवलंबून आहे, ते शेतकऱ्याच्या नजरेआड होतं. अल्गोरिदमच्या पारदर्शकतेवर आपण शहरात परिसंवाद भरवतो. या काट्याच्या आणि उताऱ्याच्या पारदर्शकतेवर तंत्रज्ञानाच्या किती पत्रकारांनी लिहिलं?

जमिनीच्या नोंदींचंच घ्या. कर्नाटकाने 2000 सालाच्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या 2 कोटींच्या आसपास पहाण्या, म्हणजे जमिनीचे उतारे, संगणकावर आणल्या आणि हाताने लिहिलेल्या उताऱ्याचा कायदेशीर वापर थांबवला. मोठं काम होतं. उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरणं आणि चिरीमिरी देणं कमी झालं, हे मान्य करायलाच हवं. जागतिक बँकेपर्यंत त्याची वाखाणणी झाली. पण एकदा चुकीचं नाव किंवा चुकीचं क्षेत्र त्यात चढलं, की ते दुरुस्त करायला तालुक्याला किती खेपा घालाव्या लागतात, हे खानापूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. त्यात आमच्या सीमाभागात आणखी एक थर आहे. उतारा, अर्ज, फोनवर येणारा सरकारी संदेश, सगळं कन्नडमध्ये. कन्नड राज्याची भाषा आहे आणि ती शिकली पाहिजे, यावर माझा वाद नाही. आमची मुलं ती शिकतातच. पण सत्तरीच्या मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचायला नातवाच्या तोंडाकडे बघावं लागतं, हेही तितकंच खरं आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व राज्य पुनर्रचनेच्या काळापासून, 1956 पासून, कागदावर आहे. तांत्रिक अडचण म्हणाल तर देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या 1991 च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत होत्या. एका पडद्यावर दुसरी भाषा दाखवणं हे आज कुठल्याही कॉलेजच्या मुलाला जमेल असं काम आहे. ते होत नाही याचं कारण यंत्रात नाही, निर्णयात आहे. आणि तंत्रज्ञानामागचा निर्णय कोणी घेतला, कोणासाठी घेतला, हे शोधणं हेच तर वीस वर्षं त्या संपादकांचं काम होतं.

तर गाव म्हणजे तंत्रज्ञानाचं ते टोक, जिथे शहरात घेतलेल्या निर्णयांचे परिणाम सोसले जातात. तिथे जाणारा माणूस विषय सोडून जात नाही. तो विषयाच्या दुसऱ्या बाजूला जातो.

आता सर्वांत कडवा आक्षेप. तो मला सर्वांत जास्त पटतोही. हे सगळं पैसेवाल्यांना जमतं. बेळगावला 1998 पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा कारभार इथून चालतो, आणि तरी इथली मुलं पदवी हातात पडताच पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात. खानापूरची पोरं कामाला गोव्याला जातात. त्यांनी गाव सोडलं ते पोट भरत नव्हतं म्हणून, आणि ज्याचं पोट भरलंय तो शहरात कमावून परत येतो तेव्हा त्याचं कौतुक होतं. यात अन्याय दडलेला आहे. त्यात 2020 च्या दुरुस्तीने कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब ही कलमं काढून टाकली, आणि शेतकरी नसलेल्यांना, कितीही उत्पन्न असलेल्यांना शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. घाटमाथ्याची हिरवळ ज्यांना सुट्टीपुरती हवी आहे, त्यांच्या पैशापुढे भात पिकवणारा टिकत नाही. ‘गावाकडे चला’ ही हाक ऐकून जमिनीचा भाव वाढत असेल, तर ती हाक गावाच्या मुळावर येते.

हा आक्षेप पूर्ण मान्य करूनही मी त्यातून ‘येऊ नका’ असा निष्कर्ष काढत नाही. कसं यावं, एवढंच त्यातून निघतं. आणि त्याचं उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. गंगाधरराव देशपांडे टिळकांच्या राजकारणातले मोठे नेते, 1924 च्या बेळगाव अधिवेशनाचा भार ज्यांनी उचलला त्यांपैकी एक. त्यांनी हुदलीत खादीचं काम उभं केलं, 1937 मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन त्या लहान गावात भरलं, आणि हुदलीत आजही खादी विणली जाते. गंगाधरराव हुदलीत आराम करायला बसले असते तर आज तिथे काय उरलं असतं?

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. शरद जोशी भारतीय टपाल सेवेतून स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात गेले. चांगली नोकरी, चांगला देश. 1976-77 च्या सुमारास ते सोडून परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. त्यांच्यावरही तेव्हा पळपुटेपणाचा आरोप करता आला असता, आणि ‘मातीची ओढ’ म्हणून कौतुकही करता आलं असतं. त्यांनी मात्र तिथे हिशेब मांडला. बियाण्याचा, मजुरीचा, खताचा, पाण्याचा आणि शेवटी हातात आलेल्या भावाचा. शेती तोट्यात जाते ती शेतकऱ्याच्या आळसामुळे वा अडाणीपणामुळे जात नाही, धोरणामुळे जाते, हे त्या हिशेबातून निघालं. त्यातूनच शेतकरी संघटना उभी राहिली. आणि 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडलं, तेव्हा भावाची ती भाषा आमच्या सीमाभागात येऊन पोचली होती. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे तिथे एकत्र बसले होते, हे आमच्या भागात आवर्जून आठवायला हवं. आकडेमोड शिकलेला माणूस गावात गेला आणि त्याने ती गावाच्या बाजूने वापरली. नोकरी सोडली, शिकलेलं सोडलं नाही. जमीन घेतली, पण तिचे तोटे स्वतःच्या अंगावर घेऊन.

म्हणून मला त्या संपादकांच्या कौतुकात ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे शब्द आले की त्रास होतो. त्यात गाव म्हणजे थकलेल्या शहरी माणसाचं विश्रांतिगृह ठरतं. गावातली माणसं मग त्या चित्रात पार्श्वभूमीला उभी राहतात. खानापूर कोणाचा शीण घालवण्यासाठी नाही. तिथल्या माणसांना एक शेजारी मिळणार असेल, जो रेशनच्या रांगेत त्यांच्याबरोबर उभा राहील, ग्रामसभेला जाईल, पहाणीतली चूक दुरुस्त करून घेताना अर्जात काय लिहायचं हे सांगेल आणि तो अर्ज कुठे अडला हे शोधून काढील, तर त्यांचं भलं आहे. फक्त कुंपण घातलेलं शेतघर मिळणार असेल तर त्यांना त्याची गरज नाही. गावचे लोकही हेच विचारतात. ‘सर, हितं येऊन काय करणार?’ हा प्रश्न आमच्याकडे कुत्सितपणे विचारला जात नाही, खरोखर उत्तर हवं असतं.

वादातल्या मंडळींनीही आता प्रश्न बदलावेत. खुर्चीत नवा संपादक येईल, त्याला जुन्यांच्या सावलीत किती काळ ठेवणार? माजी संपादकांनी निदान वर्षभर त्या पत्रात एक ओळही लिहू नये, असं मला वाटतं. तरच नव्याचा हात मोकळा होईल. आणि नव्या संपादकाने बेंगळुरूच्या घोषणांसाठी जसे बातमीदार नेमले आहेत, तसा एक माणूस बेळगाव-चिकोडी पट्ट्यासाठी नेमावा, ज्याला मराठी आणि कन्नड दोन्ही येतात. त्याच्या कामाची सुरुवात ऊसाच्या काट्यापासून करता येईल. काटे कोणत्या कंपनीचे आहेत, त्यांची वैधमापन तपासणी शेवटची कधी झाली, त्या तपासणीचा कागद शेतकऱ्याला बघायला मिळतो का, नसेल तर का नाही. गाळप हंगाम सुरू झाला की प्रत्येक कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरची रांग लागते, आणि त्या रांगेत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हवी असलेली हजारो माणसं बसलेली असतात.